ओला आकडा, कोरडा आकडा

४ फेब्रुवारी

दादा,

फोन उचलू नकोस, माझी तक्रार नाही. पण मेसेज पोचल्याची खूणसुद्धा दिसत नाही, म्हणजे तू मला फोनमधूनही हाकललंस. दारातून हाकललंस ते पुरलं नाही का? म्हणून हा कागद. वहिनीच्या पिशवीत कोंबणार आहे. ती नको नको म्हणेल, तेव्हा तिच्यावर डाफरू नकोस.

"हिच्या डबीनं आमचं पाणी बंद केलं." तू हे माझ्याकडे न बघता वहिनीला सांगितलंस, मी जणू तिथं नव्हतेच. तेव्हापासून मी एका जागी बसलेली नाही. चहा टाकते आणि विसरते. दोन पातेली जाळली.

एकदा माझ्या बाजूनं ऐक. तुमच्या मालकाला मोठी ऑर्डर मिळणार होती, समोरच्यांनी कारखान्यातल्या हवेची तपासणी मागितली, मालकानं आमच्या प्रयोगशाळेला बोलावलं आणि साहेबांनी मला पाठवलं. तुझा कारखाना आहे म्हणून मी मुद्दाम मागून घेतलं नव्हतं. (घेतलं होतं. मला तुझं काम बघायचं होतं. इतक्या वर्षांत तू मला कधी फाटकाच्या आत येऊ दिलं नाहीस.)

पहिल्या दिवशी मी तुमच्या कॉलरला धूळ मोजायच्या डब्या लावल्या. पाणी चालू होतं, धूळ बसावी म्हणून करवतीवर धार पडत होती, ओट्याचे कृत्रिम दगड कापले जात होते. दुसऱ्या दिवशी टाकीची मोटर जळली, तुम्ही कोरडंच कापलंत आणि डब्या तशाच लावलेल्या होत्या. डबीचा आकडा मालकाच्या फोनवर थेट दिसतो, ही सोय आमच्या साहेबांनी त्याला मोठ्या कौतुकानं करून दिली होती. ओल्या दिवशी पडदा लाल. कोरड्या दिवशी पिवळा, मधूनच हिरवा. मी अजून एक ओळ लिहिली नव्हती. मालकानं स्वतः बघितलं, स्वतः ठरवलं, आणि मोटर दुरुस्त झाल्यावरही पाण्याचे नळ फिरवून बंद केले. "पाण्यानंच धूळ वाढते, यंत्र सांगतंय." हे तो बोलला, मी नाही.

मी उभी होते हे खरं. मी म्हटलं, "मालक, थांबा, हे असं वाचायचं नसतं." तो म्हणाला, "मग कसं वाचायचं?" आणि दादा, मी डबीचं माहितीपत्रक उलटत राहिले.

ते पाणी तू कसं मिळवलंस हे मला माहीत आहे. लंबू खाटेला लागल्यापासून तू मालकाच्या मागे होतास. तुझ्या शेजारच्या करवतीवर उभा राहणारा, दारातून वाकून यावं लागणारा तो माणूस आता नळीतून हवा घेतो. ते पाणी माझ्यामुळे गेलं असं तुला वाटत असेल तर तू मला शिव्या घाल. पण तोंडावर घाल.

मी हे नीट करते. कसं ते अजून कळलेलं नाही.

तुझी
ठकी


९ फेब्रुवारी

दादा,

वहिनी म्हणाली, पत्र तू न वाचता फ्रीजवर ठेवलंस, आणि सकाळी ते तिथं नव्हतं. कागदाला पाय फुटत नाहीत. एवढ्यावर मी दुसरं लिहिते आहे.

मी एक डबी घरी आणली आहे. सांगून आणली आहे, चोरून नाही. कॉलरला लावून घरभर फिरते. गादी झटकली, आकडा थोडा वर. झाडू मारला, वर. फोडणी दिली, एकदम वर. मग न्हाणीघरात गेले, गरम पाणी सोडलं आणि दार लावून घेतलं. दादा, डबी लाल झाली. तुमच्या कारखान्यापेक्षा लाल! माझ्या न्हाणीघरात कोण दगड कापतंय?

उत्तर तिथंच होतं, आणि लाज वाटते की ते मला पुस्तकातून माहीत होतं. डबी धूळ पकडत नाही. ती आत एक उजेडाची रेघ सोडते आणि हवेत तरंगणाऱ्या कणांवरून तो उजेड किती उधळतो ते बघते. कण दगडाचा की पाण्याचा, तिला काय कळणार? तुझ्या करवतीवरून उडणारे पाण्याचे बारीक तुषार तिनं धूळ म्हणून मोजले. आणि कोरड्या दिवशी उलटं झालं. ती बनते तिथं तिला एका ठरावीक भुकटीवर शिकवून पाठवलेलं असतं. तुमच्या दगडाची भुकटी निराळी, तिच्यातला मोठा हिस्सा तिच्या नजरेतून सुटतो. त्यात दुपारपर्यंत भिंगावर पुटं चढली होती. मी उघडून बघितलं, बोट फिरवलं तर पीठ.

मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "यंत्राला प्रमाणपत्र आहे."

मी म्हटलं, "सर, प्रमाणपत्र कोरड्या खोलीतलं आहे. मी घरी न्हाणीघरात..."

"अहो बाई, तुम्ही आंघोळ केलीत म्हणून मी रिपोर्ट बदलू?"

सगळे हसले. मीही हसले, आता आठवून कानशिलं तापतात. साहेब वाईट नाहीत. पण अशा डब्या त्यांनी ठिकठिकाणी दिल्या आहेत. एक चुकली म्हटलं की सगळ्या उघड्या पडतात, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

एकच इलाज आहे. जुनी पद्धत. कमरेला पंप, नळी वर कॉलरपर्यंत, टोकाला फिल्टर. छातीत खोल जाते तेवढीच बारीक धूळ त्यावर बसते. दिवसभर हवा ओढायची, मग फिल्टर सुकवून वजन करायचं. पाणी सुकून जातं, दगड राहतो. वजनाला तुषार फसवू शकत नाहीत. नंतर त्यातली सिलिका किती तेही काढता येतं, आणि लंबूचं जे झालं ते सिलिकेनं.

पण त्यासाठी दोन दिवस लागतात, एक ओला आणि एक कोरडा. कोरडे दिवस तर तुम्ही रोज काढताय. ओला मागायचा कुणाकडे?

तुझा मास्क तरी लाव रे. रुमाल नाही, मास्क.

ठकी


१४ फेब्रुवारी

दादा,

आज तू मला मालकाच्या केबिनच्या काचेतून बघितलंस आणि पाठ फिरवलीस. मीही तुला बघितलं. तुझ्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, पापण्यासुद्धा. क्षणभर मला वाटलं बाबाच उभे आहेत.

मी आले होते ते रजा टाकून. साहेब शेवटी म्हणाले, "पंप न्या, फिल्टर न्या, वजनही इथंच करा. पण तुमच्या सुट्टीत. आणि माझी सही मागू नका." माझ्यासाठी तेवढंही खूप होतं.

मालकाच्या केबिनमध्ये काय झालं ते तुला तुमच्या शेडमधल्या त्या पैलवानानं सांगितलं असेलच, पण तो मीठमसाला लावतो, म्हणून माझ्याकडून ऐक. मी मालकाच्या कॉलरला डबी लावली. त्याच्या टेबलावर काच पुसायची पाण्याची बाटली होती, दट्ट्या दाबला की फवारा उडणारी. मी म्हटलं, "मालक, फोन बघत राहा." आणि त्याच्या समोर हवेत चारपाच फवारे मारले. तो दचकला, चष्म्यावर थेंब उडाले. फोन लाल.

"मालक, तुमच्या केबिनमध्ये दगड कधी कापला?"

त्यानं फोनकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, मग स्वतःच बाटली घेऊन फवारा मारला. पुन्हा लाल. लहान मुलासारखा तीनदा मारला. मग म्हणाला, "म्हणजे हे यंत्र खोटं."

"खोटं नाही. त्याला जे दिसतं ते ते सांगतं. आपण चुकीचं विचारलं."

"ताई, हे शब्दांचे खेळ मला सांगू नका. मी माणसांसाठीच तपासणी केली ना? लाल दिसल्यावर मी पाणी चालू ठेवलं असतं तर तुमचाच भाऊ माझ्या छाताडावर बसला असता." आणि दादा, त्यात तथ्य होतं. तो माणूस लबाडी करत नव्हता. त्याला पाण्याचा कंटाळा आहे, गटारात गाळ तुंबतो म्हणून तो कटकट करतो, त्यामुळे लाल आकडा त्याला सोयीचा पडला एवढंच.

"एक दिवस पाणी सोडा," मी म्हटलं. "एकच. मी पंप लावते. वजनात ओला दिवस जड निघाला तर मी परत तोंड दाखवणार नाही."

तो बराच वेळ बोटानं टेबल वाजवत राहिला. शेवटी म्हणाला, "पुढच्या आठवड्यात. एक पाळी."

कोरड्या दिवसाचा पंप मी आजच लावला, पैलवानाला, आणि त्याच्या कॉलरला डबीही. तुला विचारायची हिंमत झाली नाही. त्याला चांगला मास्क दिला, तो त्यानं कपाळावर चढवला आणि म्हणाला, "ताई, यातून गाणं म्हणता येत नाही." मी त्याच्यावर ओरडले तेव्हा तोंडावर घेतला. पाळीभर मी फाटकापाशी येरझारा घालत होते. रखवालदारानं दोनदा खुर्ची आणून दिली. एका माणसाला त्या धुळीत उभं करून मी त्याच्या कमरेचा पंप तपासत होते. तो माझ्यामुळे तिथं नव्हता, रोजच असतो, हे मी स्वतःला सांगत राहिले. त्यानं काही बरं वाटलं नाही.

ओल्या दिवशी कुणाला लावू? पैलवान हो म्हणालाय. पण मुख्य करवतीवर तू असतोस. खरा आकडा तिथला.

मी विचारत नाहीये. फक्त लिहिते आहे.

ठकी


२० फेब्रुवारी

दादा,

तू समोर येऊन उभा राहिलास आणि हात वर केलेस. माझ्या हातातून क्लिप दोनदा निसटली. सगळी शेड बघत होती, पैलवान शिट्टी वाजवायच्या बेतात होता, तू त्याच्याकडे असं बघितलंस की त्यानं ओठ मिटले.

मी पंप कमरेला बांधला. तू म्हणालास, "पट्टा घट्ट नको. श्वास अडतो."

इतक्या दिवसांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. मी "बरं" म्हटलं आणि पट्टा सैल केला. पुढे दिवसभर डबी आणि पंप दोन्ही तुझ्या अंगावर होते, पाण्याची धार पडत होती, गमबुटांतून गाळ वाहत होता आणि तू मला एकदा चहाचा कप सरकवलास. "मोजणारी माणसं चहा पितात का?" असं विचारलंस. मी म्हटलं, "मोजून पितात." तू हसला नाहीस, पण मान वळवलीस, आणि मला माहीत आहे तू मान केव्हा वळवतोस.

मी सुखात घरी यायला हवं होतं. पण पट्टा कमरेला होता, दादा. छातीला नव्हता. कमरेच्या पट्ट्यानं कुणाचा श्वास अडत नाही.

आता सांगूनच टाकते. मला माहीत आहे. तू छातीचा फोटो काढलास, पाकीट कपाटात कपड्यांखाली ठेवलंस आणि वहिनीला सांगितलंस की डॉक्टर म्हणाला सर्दी मुरली आहे. तिनं पाकीट बघितलं. तिला त्यातलं काही कळलं नाही, म्हणून तिनं मला फोन केला, आतला कागद वाचून दाखवला आणि रडली. हे मी तुला पहिल्या पत्रापासून लिहिणार होते, आणि दर वेळी डबीचंच लिहीत राहिले. डबीचं लिहिणं सोपं होतं.

तू वहिनीवर चिडशील. चिड. पण तिच्याजवळ बसून चिड, दार आपटून बाहेर जाऊ नकोस.

जिने चढताना तू मध्ये थांबून मोबाईल बघतोस, असं ती म्हणाली. "यांना जिन्यावर कोण एवढे मेसेज पाठवतं?" असं तिनं मला विचारलं. मी काय सांगू?

फिल्टर सुकायला ठेवले आहेत. मग वजन, मग सिलिका काढायला दुसऱ्या प्रयोगशाळेत. आठवडा तरी जाईल.

ठकी


१ मार्च

दादा,

निकाल अजून यायचा आहे. कळवते.

वहिनीला सांग, तिची पिशवी माझ्याकडे राहिली आहे.

ठकी


३ मार्च

दादा,

परवा मी खोटं लिहिलं. निकाल आला होता. पाकीट शेजारी उघडं पडलं होतं आणि मी पिशवीचं लिहीत होते.

आधी चांगलं सांगते, कारण ते चांगलं आहे आणि तुझं आहे. पाण्याबद्दल तू पहिल्यापासून बरोबर होतास. पैलवानाच्या कोरड्या फिल्टरवर बसलेली सिलिका मर्यादेच्या वीस पटीच्या पुढे निघाली. त्या दिवशीही त्याच्या कॉलरची डबी पिवळी हिरवी होऊन नाचत होती. तुझ्या ओल्या फिल्टरवर त्याच्या पासंगालाही नाही. आणि त्याच वेळी तुझ्या कॉलरची डबी लाल ओरडत होती. दोन्ही आकडे मी साहेबांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आकडे तेच. मग म्हणाले, "पाणी वापरतात अशा सगळ्या ठिकाणांची यादी काढा. डब्या परत मागवायच्या." आणि न मागता सही केली.

मालकाला रिपोर्ट पोचला आहे. नळ उद्या उघडतील.

आता दुसरं. हे लिहायला मला दोन दिवस लागले. ओटा पुसला, कपाट लावलं, पुन्हा बसले, पुन्हा उठले.

तुझा ओला आकडा कोरड्याच्या मानानं काहीच नाही. पण मर्यादेच्या तिपटीच्या वर आहे, दादा. पाणी चालू असताना. धार नीट पडत असताना. मी चार ठिकाणी तपासून घेतलं. पंपाची चूक नाही, वजनाची नाही. मला कुठेतरी चूक सापडायला हवी होती, मी देव पाण्यात घालून बसले होते, पण नाही सापडली. त्या कृत्रिम दगडात सिलिका इतकी ठासून भरलेली असते की पाण्यानं ती कमी होते, संपत नाही. करवतीवर हवा खेचून घेणारं तोंड बसवायला हवं, बंद मास्क हवेत. आणि ज्याच्या छातीत आधीच बसली आहे त्यानं त्या करवतीपाशी उभंच राहायला नको.

दोन वर्षं तू सगळ्यांना सांगत आलास की पाणी आलं की आपण वाचलो. तू लंबूच्या खाटेपाशी बसून त्याला तसं सांगितलंस. आता मी तुला हे कसं सांगू? वाटलं, ओला आकडा कोरड्यापेक्षा कमी आहे एवढंच लिहावं. ते खोटं झालं नसतं. तू खूश झाला असतास, मला घरात घेतलं असतंस, आणि सोमवारी पुन्हा करवतीवर उभा राहिला असतास.

म्हणून पूर्ण लिहिलं. तू पुन्हा बोलायचा बंद झालास तरी चालेल. नाही, चालणार नाही. पण तरी.

ठकी


११ मार्च

ठके,

मला पत्र लिहिता येत नाही, तुला माहीत आहे. वहिनी म्हणाली फोन कर. फोनवर माझं तोंड बंद होतं. म्हणून लिहितो.

तुझं शेवटचं पत्र मी दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. मग जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं. माझ्या फोटोबद्दलचं मी गाळणार होतो, पैलवानानं कागद हिसकावून तेही वाचलं. मग एकजण म्हणाला, "मग दोन वर्षं भांडलो कशाला?" पैलवान म्हणाला, "वीसपटीवरून तीनपटीवर आलो की. आता तीनवरून खाली यायचं. भांडण अर्धं झालंय." त्याला डोकं आहे हे मला आजवर माहीत नव्हतं.

आम्ही मालकाकडे गेलो. नळ उघडले होतेच. हवा ओढायचं यंत्र बसेपर्यंत कापणार नाही म्हटलं. तो खूप बोलला, ऑर्डर, तारीख, सगळं. मी म्हटलं, "मालक, लंबूकडे जाऊन बसा थोडा वेळ, मग बोलू." तो गेला नाही. पण तिसऱ्या दिवशी यंत्रवाला येऊन शेडचं माप घेऊन गेला. काल एका करवतीवर बसलं, दोन बाकी आहेत. मास्क आले आहेत. पैलवान त्यातूनही गातो, आता कुणाला ऐकू येत नाही हा फायदा.

मी करवत सोडली. मालकानं काढलं नाही, मी उतरलो. आता गिऱ्हाइकांच्या घरी ओट्याचं माप घ्यायला जातो. टेप, पेन्सिल, पुठ्ठा. कपडे स्वच्छ राहतात. परवा एका बाईनं मला पाणी दिलं, बसा म्हणाली, आणि मला हात कुठे ठेवावेत ते कळेना. मांडीवर ठेवले. आवाज नाही, हादरा नाही. इतकी वर्षं हातात ते यंत्र थरथरत होतं, आता हात नुसतेच थरथरल्यासारखे वाटतात. घरी आलो आणि वहिनीवर उगाच ओरडलो. नंतर बसलो तिच्याजवळ. तू लिहिलं होतंस म्हणून नाही.

लंबूलाही सांगितलं. मला वाटलं त्याला लागेल. तो नळी बाजूला करून म्हणाला, "खरा आकडा किती, तो सांग." मी सांगितला. त्यानं माझा हात धरून ठेवला.

तुला दारातून परत पाठवलं ते मला रोज आठवतं. एवढंच लिहितो.

सोमवारी मोठ्या डॉक्टरकडे जायचं आहे. नळीत फुंकायला लावून छाती मोजतात म्हणे. वहिनी येते म्हणाली, मी नको म्हटलं. ती डॉक्टरच्या तोंडाकडे बघत बसते आणि मग मला डॉक्टरचं सोडून तिचं तोंड बघावं लागतं. तू चल. जे विचारायचं ते तू विचार, सगळं विचार, त्याला टाळू देऊ नकोस. मी शेजारी बसून ऐकीन.

दहाला ये. मी खाली उभा असेन.

दादा